न गेलेल्या सैनिकाची मेंदी

ओक्तायनं अमेरिकेच्या सैन्यासाठी नाव नोंदवलं ते सकाळी, स्वयंपाकघरात, चहा मुरायच्या आत. खालच्या किटलीत पाणी उकळत होतं, वरच्या किटलीत पत्ती मुरत होती, आणि तेवढ्यात मोबाइलवर नाव, पत्ता, जन्मतारीख टाकून तो मोकळासुद्धा झाला. लाइटचं बिल भरायलाही माणसाला याहून जास्त त्रास होतो.

तसं हे इथं सगळ्याच पुरुषांना करावं लागतं. अठरा पुरी झाली की सव्विसाव्या वाढदिवसाच्या आत, नागरिक असा नाहीतर नुसते राहायला आलेले असा, आपलं नाव सरकारकडे देऊन ठेवायचं. उद्या युद्ध पेटलं आणि सक्तीची भरती निघालीच, तर माणूस सापडायला हवा म्हणून. भरती निघाल्याला पन्नास वर्षं उलटून गेली. इथली पोरं गाडीच्या लायसनबरोबर हेही उरकून टाकतात आणि विसरून जातात. ओक्तायचं मात्र राहून गेलं होतं. ज्या माणसानं मिक्सरबरोबर आलेलं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं होतं, त्याच्याकडून हे राहावं म्हणजे कमाल होती. पण ‘सैन्य म्हणजे नागरिकांचं काम, आपण काय, बायकोच्या नात्यानं आलेले पाहुणे’ अशी त्याची समजूत होती. बायको टेसा इथलीच, पण मुलींना ही भानगड नसते, त्यामुळे तिलाही पत्ता नव्हता.

नागरिकत्वाचा अर्ज गेला, मुलाखतीची तारीख आली, तेव्हा कुठे वकीलबाईंनी त्या सकाळी फोनवर अर्जातल्या त्या एका प्रश्नावर बोट ठेवलं.

“नशीबवान आहात, अजून सव्वीस व्हायचे आहात,” त्या म्हणाल्या. “आजच्या आज नोंदवा. मुलाखतीत विचारतील, इतकी वर्षं काय करत होतात. जे खरं आहे ते सांगा. माहीत नव्हतं म्हणून राहिलं, तर चालतं. मुद्दाम टाळलं असं त्यांना वाटलं, तर अर्ज गेलाच म्हणून समजा. त्यांना चांगल्या चारित्र्याचा माणूस हवा असतो. तेव्हा मंगळवारच्या मुलाखतीपर्यंत कृपा करून काही उपद्व्याप करू नका.”

ओक्तायला हसू आलं. बाथरूमच्या फरश्या विकणाऱ्या कंपनीत तो हिशेब बघायचा. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबायचा. उपद्व्याप हा शब्द त्याच्या घराण्यातच नव्हता, असं त्याला वाटत होतं. आई त्याच घरात, त्याच टेबलाशी बसून भेंडी निवडत होती हे तो विसरला.

“काय करतोयस रे मोबाइलवर सकाळी सकाळी?” नेरिमानबाईंनी विचारलं. त्या तीन महिन्यांसाठी तुर्कस्तानातल्या कायसेरीहून लेकाकडे आल्या होत्या आणि सोबत एक अख्खी बॅग सुकवलेली भेंडी घेऊन आल्या होत्या.

आणि इथं ओक्ताय चुकला. गंमत म्हणून तो म्हणाला, “काही नाही गं आई. सैन्यात नाव घातलं.”

नेरिमानबाईंच्या हातातली भेंडी खाली पडली.

आता ही गंमत नेरिमानबाईंपुढे का करायची नसते, ते सांगायला हवं. कायसेरीतल्या त्यांच्या गल्लीत मुलगा सैन्यात निघाला की आदल्या रात्री ढोल लागतो, सनईसारखी झुर्ना लागते. आई मुलाच्या उजव्या तळहातावर नाण्याएवढी मेंदी लावते. मेंदी लावायची ती तिघांना, कुर्बानीच्या बकऱ्याला, नवरीला आणि सैनिकाला. तिघंही घरानं कुणाला तरी देऊन टाकलेली. मग मित्र त्याला अंगणात हवेत उडवतात, ‘आमचाच सैनिक सगळ्यांत मोठा’ म्हणून ओरडतात, आणि बायका डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसतात. गल्लीतल्या प्रत्येक घरातून मुलगा असा गेला होता. नेरिमानबाईंच्या घरातून नाही. त्यांचा मुलगा परदेशात राहायला, आणि परदेशातल्यांना सवलत असते. पैसे भरायचे, कॉम्प्युटरवर धडे ऐकायचे, झालं सैन्य. ओक्तायनं आपली देशसेवा जेवणाच्या टेबलाशी, पायात सपाता घालून केली होती. पडद्यावरचे कर्नलसाहेब शिस्तीवर बोलत असताना त्यांना मध्येच थांबवून तो राजमा ढवळून आला होता. नेरिमानबाईंनी गल्लीत सांगितलं की मुलाला गुप्त कामगिरीवर ठेवलंय. गल्ली ‘हो का, हो का’ म्हणाली. त्या ‘हो का’चं दुःख बाईंच्या पोटात तसंच होतं.

“आई, नुसतं नाव दिलंय,” ओक्ताय घाईघाईनं म्हणाला. “कुणी कुठे जात नाही. यादीत राहतं ते.”

“एवढ्या मोठ्या देशाला तुझं नाव कशाला हवंय? वाचत बसायला?”

“अगं, पद्धत आहे इथली.”

“मग आपलीही एक पद्धत आहे,” नेरिमानबाई म्हणाल्या, आणि भेंडी बाजूला सारून उठल्या.

पुढे बराच वेळ वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की शनिवारी, घरातल्या घरात, पाच माणसांत, बोटभर मेंदी लावायची आणि विषय संपवायचा. टेसाला तर कल्पना फारच आवडली. ओक्ताय ‘बरं’ म्हणाला. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातले सगळे अनर्थ या ‘बरं’मधून निघतात. भांडण टळलं म्हणून तो जरा खूशही झाला.

शनिवारी दुपारी शेजारच्या पॅटर्सन शहरातून ढोल आला.

पॅटर्सनच्या तुर्की वाण्याकडे नेरिमानबाई शुक्रवारी मेंदी आणायला गेल्या होत्या. तिथं रांगेत ज्या ज्या बायका होत्या त्यांना आमंत्रण गेलं होतं. कबाबवाल्याचा भाऊ ढोल वाजवायचा, त्याचा साडू झुर्ना. पाच माणसांचे पंचेचाळीस झाले. गाड्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना लागल्या. ओक्ताय दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला “घरगुतीच आहे हो” असं सांगत होता आणि प्रत्येकजण “हो, हो, घरच्यासारखंच” म्हणत आत शिरत होता.

तरीही हे सगळं आपापसातच राहिलं असतं. पण नेरिमानबाईंच्या लक्षात आलं की झेंडा नाही. सैनिक काय झेंड्याशिवाय निघतो? आपला तुर्की झेंडा बॅगेत होता, पण मुलगा जातोय यांच्याकडे, तेव्हा झेंडाही यांचाच हवा. बाई न्यायाला पक्क्या. समोरच्या घरावर झेंडा होता. बाई थेट समोर गेल्या.

समोर राहायचे स्टॅन डोम्ब्रोस्की. वय पंचाहत्तरच्या पुढे, तरुणपणी व्हिएतनामला जाऊन आलेले, एकटेच राहणारे. गेल्या तीन वर्षांत ओक्तायचं आणि त्यांचं बोलणं म्हणजे कचऱ्याचा डबा रस्त्यावर कधी ठेवायचा याबद्दलची दोन भांडणं. नेरिमानबाईंना इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी ओक्तायच्या घराकडे बोट दाखवलं. कपाळाला हात लावून सलाम ठोकला. खांद्यावर बंदूक धरल्यासारखं केलं, जागच्या जागी चार पावलं कवायत केली, आणि मग छातीवर हात ठेवून डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं. त्याच्याहून स्पष्ट कुणाला बोलता आलं असतं असं वाटत नाही.

डोम्ब्रोस्की झेंडा काठीसकट उतरवून स्वतः घेऊन आले. बाईंना तो मुलाच्या अंगावर शाल पांघरावी तसा पांघरायचा होता. ते त्यांनी मुळीच करू दिलं नाही. “झेंडा अंगावर घेत नसतात, बाई,” असं म्हणून ते काठी धरून मिरवणुकीच्या पुढे ताठ उभे राहिले. तोपर्यंत मिरवणूक नव्हती. झेंडा पुढे उभा राहिल्यावर ती झाली.

ओक्तायनं हे पाहिलं तेव्हा तो हवेत होता. चार जण त्याला वर उडवत होते आणि झेलत होते, उजव्या मुठीत ओली मेंदी होती, आणि खाली ढोल असा बडवला जात होता की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता. दर वेळी वर गेला की त्याला डोम्ब्रोस्कींचा चेहरा दिसायचा. तिसऱ्या वेळी त्याला दिसलं की म्हातारा रडतोय.

खाली आल्यावर तो धापा टाकत म्हणाला, “मिस्टर डोम्ब्रोस्की, तुमचा जरा गैरसमज...”

“एक शब्द बोलू नकोस,” डोम्ब्रोस्की म्हणाले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. “कचऱ्याच्या डब्यावरून तुला काय काय बोललो मी. विसर ते, पोरा. या गल्लीतून माझ्यानंतर कुणी गेलं नाही. उद्या सकाळी आठला तयार राहा.”

ओक्तायनं ठरवलं, उद्या गाडीत बसलो की पहिलं वाक्य हेच बोलायचं.

गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य डोम्ब्रोस्कीच बोलले. “तुझी आई काय बाई आहे रे! ढोल लावून पाठवतेय लेकाला. मी गेलो तेव्हा पहाटेची बस होती. माझी आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. स्वयंपाकघरात पाठ करून भांडी घासत बसली. मी दोनदा हाक मारली.” सिग्नल सुटला, त्यांनी गाडी पुढे काढली. “पन्नास वर्षं झाली. आता काय त्याचं.”

यावर ‘मी कुठेच जात नाहीये हो’ असं कसं म्हणायचं, हे तुम्ही सांगा. ओक्तायला नाही जमलं.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये रविवारचा नाश्ता होता. गोड धिरडी, पाक, आणि तपेल्यातली फिकट कॉफी. डोम्ब्रोस्कींनी त्याला खांद्याला धरून मध्ये उभं केलं आणि म्हणाले, “हा आमच्या समोरचा ओक्ताय. अजून नागरिकसुद्धा झालेला नाही, आणि निघालाय.” सगळे म्हातारे उठून उभे राहिले. त्यात वॉल्टर नावाचे एक होते, दोन काठ्यांवर चालणारे. त्यांना उठायला इतका वेळ लागला की बाकीचे टाळ्या वाजवायचे थांबले, आणि ते पुरते उभे राहिल्यावर सगळ्यांनी पुन्हा सुरुवात केली. ओक्तायला वाटलं, जमिनीनं आता पोटात घ्यावं. त्यानं ताटातलं एक धिरडं कसंबसं संपवलं. निघताना डोम्ब्रोस्कींनी खिशातून स्टीलचा एक छोटा आरसा काढला, दाढी करताना झाडाला अडकवायचा. “माझ्याबरोबर गेला आणि माझ्याबरोबर परत आला. तू घे. परत आणून दे म्हणजे झालं.”

ओक्तायनं घेतला.

“तू घेतलास?” टेसा ओरडली. “ओक्ताय, तू तो आरसा घेतलास?”

“म्हातारा रडत होता गं.”

“म्हणून घ्यायचा? परवा तुला शपथ घालून विचारणारेत, कधी खोटं बोललास का, स्वतःला भलतंच कुणी म्हणून दाखवलंस का! सैनिक नसताना सैनिकांच्या टाळ्या घेऊन आलायस तू, धिरडी खाऊन!”

“एकच खाल्लं,” ओक्ताय म्हणाला. त्याचं त्यालाच ऐकून कसंतरी झालं.

सोमवारी सकाळी गल्लीतल्या प्रत्येक झाडाला पिवळी फीत बांधलेली होती. दूरदेशी गेलेला सैनिक सुखरूप यावा म्हणून इथं बांधतात तशी. ओक्तायच्या दारातल्या मेपलची फीत सगळ्यांत उंचावर होती, डोम्ब्रोस्कींनी शिडी लावून स्वतः बांधलेली. शेजारच्या मिसेस पगानो भट्टीतून काढलेलं पास्त्याचं भलंमोठं भांडं घेऊन आल्या. “तिकडे काय मिळणारे तुला खायला,” असं म्हणून त्यांनी त्याच्या गालाचा चिमटा काढला. हार्डवेअरच्या दुकानदारानं सैनिकांची सवलत लावून दिली. ओक्तायनं ती नको म्हटली, तर तो म्हणाला, “बघा, किती विनयशील!” बिचारा फक्त ब्लीच घ्यायला गेला होता.

ब्लीच मेंदीसाठी. कारण मंगळवारी शपथेला उजवा हात वर करायचा असतो, आणि उजव्या तळहातावर बरोबर मध्यभागी विटकरी रंगाचा गोळा होता. ब्लीचनं कातडी सोलली, रंग तसाच. टूथपेस्ट झाली, भांड्याचा साबण झाला. मग त्यानं अक्कल चालवली आणि अर्धं लिंबू घेऊन साखर लावून खसाखसा चोळलं. जगातल्या कुठल्याही बाईनं त्याला आधीच सांगितलं असतं. पण त्यानं विचारलं नाही. सकाळपर्यंत गोळा चांगला काळपट लाल चढला होता. “वा, काय रंगलीय!” नेरिमानबाई कौतुकानं म्हणाल्या. गाडी निघाली तेव्हा त्यांनी प्रथेप्रमाणे मागून तांब्याभर पाणी ओतलं, पाण्यासारखा जा आणि पाण्यासारखा ये म्हणून. ते पाणी फाटकाशी सलाम करून उभ्या असलेल्या डोम्ब्रोस्कींच्या बुटांवर पडलं. ते हलले नाहीत.

नुअर्कच्या कचेरीत समोर बसलेल्या अधिकारी बाईंचा चेहरा असा होता की त्यावर काहीच वाचता येऊ नये. “उभे राहा. उजवा हात वर करा. खरं तेच सांगाल अशी शपथ घेता?”

ओक्तायनं हात वर केला. जमेल तितकी बोटं आत वळवून.

“हात नीट उघडा.”

उघडला.

बाई पुढे वाकल्या. “हे काय लागलंय हाताला?”

शपथ घेऊन झाली होती. वकीलबाई म्हणाल्या होत्या, खरं ते सांगा. ओक्ताय बसला आणि सुरू झाला. भेंडी, गल्ली, कर्नल, राजमा, ढोल, झेंडा, धिरडं, वॉल्टरच्या काठ्या, हार्डवेअरची सवलत, आरसा. मधेच त्याला हुंदका आला. “मी चांगल्या चारित्र्याचा माणूस होतो हो,” तो म्हणाला, “शनिवारपर्यंत.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “मी एवढ्यासाठीच विचारलं की ते ओलं आहे का. या काचेवर बोट ठेवून सही करायची आहे, आणि काल एकानं केचप लावून ठेवलं.”

ओक्तायनं तळहात पँटला पुसला.

“नावनोंदणी उशिरा का केलीत?”

“माहीत नव्हतं.”

“इतकं सगळं सांगणारा माणूस तेवढंच लपवेल असं मला वाटत नाही,” बाई म्हणाल्या आणि काहीतरी टाइप केलं. “कायद्यानं मागणी केली, तर या देशासाठी शस्त्र हाती घ्याल?”

पाठ केलेलं उत्तर होतं. पण ‘हो’ म्हणताना या वेळी त्याला वॉल्टर उभे राहताना दिसले, आणि तो शब्द जिभेवर चांगलाच जड झाला. “हो,” तो म्हणाला.

“मंजुरीची शिफारस करते. शपथविधीचं कळवतील.” ओक्ताय दाराशी पोचला तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, “त्या म्हाताऱ्याला सांगितलंत का?”

“नाही.”

“ते माझ्या प्रश्नांत नाही. पण सांगा.”

घरी टेसानं दारातच गळ्यात हात टाकले. ओक्तायनं ते हळूच सोडवले, आरसा घेतला आणि रस्ता ओलांडला. डोम्ब्रोस्की पायरीवर बसून बूट वाळवत होते. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एकही शब्द गोड केला नाही.

म्हाताऱ्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, “वॉल्टर उभा राहिला होता तुझ्यासाठी.”

“हो.”

“त्याला उभं राहायला किती कष्ट पडतात ठाऊक आहे?”

“बघितलं मी. मला शरम वाटते, मिस्टर डोम्ब्रोस्की.”

“वाटायलाच हवी.” त्यांनी आरसा हिसकावून घेतला, खिशात टाकला. “रविवारी हॉलमध्ये येऊन हेच सांगायचंस. सगळ्यांसमोर. वॉल्टर उठेपर्यंत थांबून.”

“येतो.”

“आणि त्या फिती काढ. सगळ्या.”

ओक्तायनं गल्लीभर फिती सोडल्या. मिसेस पगानो खिडकीतून बघत होत्या. पास्त्याचं रिकामं भांडं परत देताना त्याची मान वर झाली नाही. शेवटी राहिली त्याच्याच मेपलची, हात पोचणार नाही अशा उंचीवर. गल्लीत शिडी एकच, डोम्ब्रोस्कींची. पुन्हा रस्ता ओलांडून, ज्याला एवढ्यात सगळं सांगून आलो त्याच्याकडे शिडी मागायची. त्या दिवसातली ही सगळ्यांत लांबची फेरी होती.

डोम्ब्रोस्की उठले. शिडी उचलून स्वतः आले आणि मेपलला टेकवली. तेवढ्यात नेरिमानबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

“हिला तरी माहितीय का, तू कुठे जात नाहीस ते?” डोम्ब्रोस्कींनी विचारलं. “का हिलाही फसवलंस?”

ओक्तायनं आईला विचारलं. नेरिमानबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की काय हा मूर्ख मुलगा.

“मला कळत नाही होय? मुलगा खरंच जाणार असता तर मी ढोल लावला असता? माझ्या भावाला सैन्यात नेलं त्या रात्री ढोल वाजला म्हणतात. मला विचार, मला विचार ऐकू आला का! माझी आई तर ओट्यापाशीच उभी होती, पाठ करून. तिला कुणी हलवू शकलं नाही. ज्यांचे जातात त्यांना काही ऐकू येत नाही रे. तू जाणार नव्हतास, म्हणून तर मला एकदा नीट ऐकायचा होता.”

“काय म्हणतेय?” डोम्ब्रोस्की म्हणाले.

ओक्तायनं सांगितलं. एकेक वाक्य, जसंच्या तसं.

डोम्ब्रोस्कींनी चहाचा पेला घेतला, पण प्यायला नाही. हातातच धरून ते स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले.

“नळ सोडला होता माझ्या आईनं,” ते म्हणाले. “भांडी नव्हतीच फारशी. नुसता नळ सोडून उभी होती.”

नेरिमानबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी डोम्ब्रोस्कींच्या पेल्यात आणखी एक साखरेचा खडा टाकला.

मग डोम्ब्रोस्कींनी पेला फाटकाच्या खांबावर ठेवला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि ओक्तायकडे न बघता म्हणाले, “चढ. मी धरतो.”